इमारतीला कसं कळतं तुम्हाला काय हवंय?

ऑफिसच्या नाहीतर मॉलच्या टॉयलेटमध्ये तुम्ही निवांत बसलाय आणि अचानक लाइट जातो. मग अंधारात हात वर करून हवेत हलवायचा, की लाइट परत येतो. यावरचे मीम्स आपण सगळ्यांनीच फॉरवर्ड केलेत.

पण इथं नेमकं बिनसतं काय? छतावर जी छोटी पांढरी डबी दिसते, तिला माणूस दिसतच नाही. आपल्या अंगातून उष्णता बाहेर पडत असते, इन्फ्रारेड किरणांच्या रूपात. डबीवरचं भिंग समोरची जागा वेगवेगळ्या पट्ट्यांमध्ये वाटून घेतं. गरम शरीर एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात सरकलं की आतल्या सेन्सरला बदल जाणवतो आणि तो कळवतो, "कोणीतरी आहे." ठरलेली काही मिनिटं असा बदल झालाच नाही, तर खोली रिकामी आहे असं धरलं जातं.

म्हणजे आपण त्याला विचारतो "आत कोणी आहे का?" आणि तो उत्तर देतो "आत कोणी हलतंय का?" या प्रश्नाचं. बऱ्याचदा दोन्हींचं उत्तर सारखं असतं, म्हणून काम भागतं. शांत बसलेल्या माणसाच्या बाबतीत ते वेगळं निघतं.

ही टॉयलेटची गोष्ट किरकोळ वाटेल, पण जगातल्या महागड्यातल्या महागड्या 'स्मार्ट' इमारतींचीही अडचण हीच आहे. माणसाची गरज थेट मोजता येत नाही. तिच्या जागी दुसरं काहीतरी मोजावं लागतं. ते 'दुसरं काहीतरी' कोण निवडतं आणि ते चुकलं तर तुम्हाला बोलायला जागा आहे का, यावर इमारत तुमची सोय करणार की तुम्हाला छळणार हे ठरतं.

ॲडॅप्टिव्ह आर्किटेक्चर म्हणजे काय?

वापरणाऱ्या माणसांप्रमाणे किंवा बाहेरच्या हवामानाप्रमाणे स्वतःत बदल करणारी इमारत. प्रकाश, तापमान, हवा, खिडक्यांवरची सावली, कधीकधी तर भिंतींच्या जागासुद्धा. यासाठी तीन गोष्टी लागतात. काहीतरी जाणवणारा सेन्सर, त्यावरून निर्णय घेणारा कम्प्युटर आणि तो निर्णय अमलात आणणारी मोटर, व्हॉल्व्ह किंवा स्विच. बदल झाला की सेन्सर पुन्हा मोजतो आणि हे चक्र चालू राहतं. घरातला एसीसुद्धा याच चक्रावर चालतो. खोली थंड झाली की कॉम्प्रेसर मंदावतो, तापली की जोर धरतो.

आता ही कल्पना आली कुठून? वाटेल सिलिकॉन व्हॅलीतून, पण तिचं मूळ आहे लंडनच्या नाटकवाल्यांमध्ये.

कधीच न बांधलेला महाल

१९६० च्या दशकाची सुरुवात. जोन लिटलवूड ही ब्रिटिश नाट्यदिग्दर्शिका आणि सेड्रिक प्राइस हा वास्तुविशारद यांनी मिळून 'फन पॅलेस' नावाची कल्पना मांडली. लोखंडी सांगाडा, वर क्रेन, आणि खाली हवं तसं सरकवता येणाऱ्या भिंती, जिने, रंगमंच. कामगारवस्तीतल्या माणसांनी यावं आणि आज नाटक, उद्या वर्कशॉप, परवा नुसत्या गप्पा, असं जे हवं ते इथं करावं. गरज बदलली की इमारत बदलेल.

आता कुणाला काय हवंय हे इमारतीला सांगणार कोण? त्यासाठी गॉर्डन पास्क हा सायबरनेटिक्सवाला, म्हणजे यंत्र आणि सजीव स्वतःला कसे सावरत राहतात याचा अभ्यास करणारा माणूस, टीममध्ये आला. लोकांच्या आवडीनिवडी कम्प्युटरकडे जातील आणि तो पुढची मांडणी सुचवेल, अशी योजना होती. १९६५ च्या सुमाराच्या एका आराखड्यात पास्कने या व्यवस्थेचा प्रवाह काढला होता. त्यात आत शिरणाऱ्या लोकांना नाव दिलं होतं 'न बदललेली माणसं' आणि बाहेर पडणाऱ्यांना 'बदललेली माणसं'.

एकदा परत वाचा. इमारत माणसांप्रमाणे बदलणार असं ठरलं होतं. कागदावर उतरेपर्यंत इमारत माणसांना बदलू लागली होती!

फन पॅलेसला जागा आणि परवानग्या मिळाल्या नाहीत, १९६० च्या दशकातच प्रकल्प बारगळला. कल्पना मात्र राहिली. पॅरिसच्या पाँपिदू सेंटरवर त्याची छाप आहे, हे वास्तुकलेच्या इतिहासात सर्रास सांगितलं जातं.

पुढे १९७६ मध्ये प्राइसने अमेरिकेत फ्लोरिडाच्या एका जंगलातल्या जागेसाठी 'जनरेटर' हा प्रकल्प हाती घेतला. १२ फुटांचे सुमारे दीडशे घनाकृती खोके, जे क्रेनने उचलून हवे तसे मांडायचे. याचे प्रोग्रॅम जॉन आणि ज्युलिया फ्रेझर या जोडप्याने तयार केले. त्यात एक भन्नाट गोष्ट होती. लोकांनी बरेच दिवस काहीच बदललं नाही, तर कम्प्युटर 'कंटाळणार' आणि कुणी न विचारता स्वतःच नव्या मांडण्या सुचवणार. माणसांना बदल हवाच असतो, असं यात गृहीत होतं. आहे त्यात कोणी सुखी असू शकतं हे त्या प्रोग्रॅमच्या गावीही नव्हतं. जनरेटरही बांधला गेला नाही.

पिंजऱ्यातले रहिवासी

माणसांआधी हा प्रयोग प्राण्यांवर झाला. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूइश म्युझियममध्ये 'सॉफ्टवेअर' नावाचं प्रदर्शन भरलं होतं. तिथं एमआयटीच्या निकोलस निग्रोपाँटे यांच्या टीमने 'सीक' नावाची काचेची पेटी मांडली. आत शेकडो छोटे धातूचे ठोकळे आणि राहायला जर्बिल, म्हणजे उंदरासारखे चिमुकले प्राणी. वर कम्प्युटरच्या इशाऱ्यावर चालणारा यांत्रिक हात.

जर्बिल उड्या मारताना ठोकळे पाडणार हे धरलेलंच होतं. ठोकळा थोडासा सरकला तर यंत्राने तो धक्का समजायचा आणि पुन्हा सरळ करून ठेवायचा. बराच लांब गेला तर ती जर्बिलची इच्छा समजायची आणि नवी जागा मान्य करायची.

आता जर्बिलला खरंच तिथं ठोकळा हवा होता, की पळताना नुसती शेपटी लागली? हे यंत्राला कळायला मार्ग नव्हता आणि जर्बिलला सांगायला. टॉयलेटच्या सेन्सरपेक्षा हे फार वेगळं नाही. हालचाल दिसली, तिचा अर्थ आधी ठरवून ठेवलेल्या नियमातून लागला.

घराने मालकाला लावलेली शिस्त

या सगळ्यातला सगळ्यात प्रामाणिक प्रयोग कोलोरॅडोतल्या बोल्डर इथे झाला असं म्हणायला हरकत नाही. तिथल्या विद्यापीठातले प्राध्यापक मायकेल मोझर यांनी एका जुन्या शाळेच्या इमारतीत आपलं घर केलं. १९९२ मध्ये तिची डागडुजी करतानाच भिंतींमधून वायरी टाकून घेतल्या आणि प्रकाश, तापमान, आवाज, हालचाल, दारं-खिडक्या यांवर लक्ष ठेवणारे डझनावारी सेन्सर बसवले. आज आपण ज्याला मशिन लर्निंग म्हणतो त्यातली न्यूरल नेटवर्क्स हे घर चालवत होती. आणि राहत होते स्वतः मोझर, त्यामुळे फसलं तर त्रास दुसऱ्या कुणाला नव्हता.

गंमत बघा. या घराला नियमांची यादी दिलेली नव्हती. त्याच्यासमोर फक्त हिशेब होता. विजेचा आणि गॅसचा खर्च डॉलरमध्ये. आणि मालकाची गैरसोय, तीसुद्धा डॉलरमध्ये! गैरसोय मोजायची कशी? मोझर यांनी स्वतः उठून दिवा लावला किंवा हीटर वाढवला, म्हणजे घराचा अंदाज चुकला, घराला दंड. दोन्ही खर्चांची बेरीज कमीत कमी ठेवायची, एवढंच घराचं काम.

म्हणून घर अधूनमधून खोडी काढायचं. दिवा थोडा मंद करून बघायचं. मालक काही बोलला नाही, तर एवढ्या उजेडात त्याचं भागतं असं शिकून घ्यायचं. बोलला, तर माघार. यात एक गोष्ट महत्त्वाची आहे. भिंतीवरची बटणं मोझर यांनी काढून टाकली नव्हती. घराशी बोलायची तीच तर भाषा होती. नेहमीचं बटण दाबलं, की तीच तक्रार, तोच धडा. वेगळं ॲप नाही, सेटिंग नाही.

पण मोझर यांनी नंतर स्वतःबद्दलही एक गोष्ट नोंदवून ठेवली. ते रोज किती वाजता परततात हे घर शिकलं होतं आणि त्याआधी घर गरम करून ठेवायचं. कधी विद्यापीठात उशीर व्हायला लागला, की त्यांच्या मनात यायचं, आता निघायला हवं, घर वाट बघतंय.

पास्कचा 'बदललेला माणूस' तो हाच. फक्त यावेळी कुणी तसं ठरवलं नव्हतं.

स्मार्ट ऑफिस कुणासाठी स्मार्ट?

घरात राहणारा आणि बिल भरणारा एकच असतो. ऑफिसात तसं नसतं, आणि खरी ठिणगी तिथंच पडते.

ॲमस्टरडॅममधली 'दि एज' ही इमारत २०१५ मध्ये जगभर गाजली. डेलॉइट कंपनीचं हे ऑफिस. सुमारे २८ हजार सेन्सर, आणि दिव्यांना वीज आणि डेटा दोन्ही एकाच नेटवर्क केबलमधून. पर्यावरणपूरक इमारतींच्या 'ब्रीअम' या मूल्यांकनात तिला ९८ टक्क्यांहून जास्त गुण मिळाले होते. तेव्हा तिथं साधारण अडीच हजार कर्मचारी होते आणि टेबलं सुमारे हजार. कुणाचीच जागा ठरलेली नाही. ॲप तुमचं दिवसभराचं वेळापत्रक बघून जागा सुचवतं, आणि तुम्हाला किती उजेड, किती गारवा आवडतो हेही लक्षात ठेवतं. कुठला भाग दिवसभर वापरलाच गेला नाही हे कळतं, म्हणजे तिथं झाडलोट करायची गरज नाही.

वीज वाचली, जागा वाचली, यात शंका नाही. पण कोण कुठं बसलंय हे कळल्याशिवाय यातलं बरंचसं होऊच शकत नाही.

याची दुसरी बाजू २०१६ च्या जानेवारीत लंडनमध्ये दिसली. डेली टेलिग्राफ या वृत्तपत्राचे पत्रकार सोमवारी कामावर आले तर टेबलाखाली छोट्या डब्या चिकटवलेल्या. टेबलावर माणूस आहे की नाही हे शरीराच्या उष्णतेवरून आणि हालचालीवरून टिपणाऱ्या. व्यवस्थापनाचं म्हणणं होतं की हे ऊर्जाबचतीसाठी आहे. पत्रकार संघटनेने पाळत ठेवल्याचा आरोप केला, बातमी झाली आणि त्याच दिवशी डब्या काढाव्या लागल्या.

तंत्र जवळपास तेच, जे टॉयलेटच्या छतावर आहे. फरक इतकाच, की टॉयलेटच्या डबीला नाव माहीत नसतं आणि ऑफिसच्या टेबलाला असतं. "इथं कोणी नाही, दिवा बंद करा" आणि "हा माणूस जागेवर नाही" ही दोन वाक्यं एकाच आकड्यातून निघतात.

एसीचं युद्ध आणि गैरहजर पुरुष

आता सगळ्यात जवळच्या विषयाकडे येऊ. ऑफिसात एकजण स्वेटर घालून बसलेला, दुसरा घामाघूम. हे भांडण कम्प्युटर का सोडवू शकत नाही?

कारण कम्प्युटरला आधी सांगावं लागतं की 'बरं वाटणं' म्हणजे किती. त्याचं सूत्र डेन्मार्कच्या ओले फँगर यांनी १९७० च्या सुमारास मांडलं. हवेचं तापमान, आजूबाजूच्या भिंती-काचांची उष्णता, वाऱ्याचा वेग, आर्द्रता, अंगावरचे कपडे आणि शरीरात तयार होणारी उष्णता. हे सहा घटक घातले की उणे ३ (कुडकुडणं) ते अधिक ३ (उकडणं) या पट्टीवर बहुतेकांना कसं वाटेल याचा अंदाज मिळतो. जगभरच्या एसी ऑफिसांचे नियम यावर उभे राहिले.

२०१५ मध्ये नेदरलँड्सच्या बोरिस किंगमा आणि वाऊटर व्हान मार्कन लिश्टनबेल्ट या दोन संशोधकांनी 'नेचर क्लायमेट चेंज'मध्ये दाखवलं की शरीरातल्या उष्णतेचा जो आकडा सर्रास वापरला जातो तो सरासरी पुरुषाचा आहे. स्त्रियांच्या बाबतीत तो ३५ टक्क्यांपर्यंत जास्त धरला जातो. त्यांनी मोजमापं अगदी थोड्या तरुणींवर केली होती, त्यामुळे तो अखेरचा शब्द नाही. पण ज्या ऑफिसात निम्म्या बायका आहेत तिथं यंत्र एका अशा पुरुषासाठी गारवा करतंय जो कदाचित खोलीतच नाही, हे अनेकींना वाचण्याआधीच माहीत होतं.

आणि हवामानाचं काय? फँगर यांचे प्रयोग बंदिस्त, नियंत्रित खोल्यांतले. आपल्याकडे अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी अहमदाबाद, बंगळुरू, चेन्नई, दिल्ली आणि सिमला इथल्या ऑफिसांत जाऊन लोकांनाच विचारलं. सहा हजारांहून जास्त उत्तरं जमली. त्यातून भारतासाठीचं मॉडेल तयार झालं आणि २०१६ च्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये आलं. निष्कर्ष सोपा आहे. बाहेर जसं असेल तसं शरीर जुळवून घेतं, त्यामुळे 'योग्य' तापमान ऋतूप्रमाणे सरकतं. खिडक्या उघडणाऱ्या, बिनाएसी ऑफिसात बाहेरची महिनाभराची सरासरी ३० अंश असेल, तर आत २९ च्या आसपास लोकांना ठीक वाटतं. २९! आणि आपण २० वर एसी लावून शाल घेतो.

(२०२० पासून भारतात स्टार रेटिंग असलेले घरगुती एसी चालू करताच २४ अंशांवर सुरू होतील असा नियम आहे. बदलायला मोकळीक आहे, फक्त सुरुवात २४ पासून.)

यातली एक गोष्ट सहज सुटते. बिनाएसी जागेत माणसं जास्त उकाडा चालवून घेतात याचं एक कारण म्हणजे तिथं त्यांच्या हातात काहीतरी असतं. पंखा वाढवता येतो, खिडकी उघडता येते, जागा बदलता येते. आजही गावाकडे उन्हाळ्यात लोक अंथरूण उचलून अंगणात किंवा गच्चीवर जातात. तिथं घर जागचं हलत नाही, माणूस हलतो.

एसी ऑफिसांनी हीच गोष्ट काढून घेतली, आणि कधीकधी वर फसवणूकही केली. २००३ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने बातमी दिली होती की अमेरिकेतल्या कित्येक ऑफिसांत भिंतीवरचे थर्मोस्टॅट कशालाच जोडलेले नसतात. कर्मचारी बटण फिरवतात, बरं वाटतं, तक्रार थांबते. मोझर यांच्या घरात बटण दाबणं हा धडा होता, इथं ती बुजवाबुजव झाली.

दिव्यांच्या बाबतीत याला एक साधा तोडगा आहे आणि तो बऱ्याच ठिकाणी वापरलाही जातो. दिवा लावायचा माणसाने, हाताने. यंत्राने फक्त तो विझवायचा, खोली रिकामी झाल्यावर. दिवसा खिडकीतून भरपूर उजेड असेल तर माणूस दिवा लावतच नाही, त्यामुळे वीजही जास्त वाचते. फारसं 'स्मार्ट' दिसत नाही, म्हणून त्याची जाहिरात होत नाही.

इमारत ५० वर्षांची, सॉफ्टवेअर पाच

शेवटचा मुद्दा टिकण्याचा. २०१६ मध्ये अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाचं घरातले दिवे, कुलपं वगैरे चालवणारं उपकरण एका दिवसात निकामी झालं. किंमत सुमारे ३०० डॉलर. बिघाड काहीच नव्हता. नेस्टने ती कंपनी विकत घेतली होती आणि १५ मे रोजी सर्व्हर बंद केला. भिंती, विटा, वायरिंग सगळं जागेवर, फक्त घराचा मेंदू दुसऱ्याच्या इमारतीत होता.

सर्व्हर नसला तरी यंत्रं झिजतातच. अबू धाबीतल्या अल बहर टॉवर्सवर २०१२ मध्ये प्रत्येकी हजाराहून जास्त छत्र्या बसवल्या, उन्हासोबत उघडझाप करणाऱ्या. वाळूची धूळ आणि खारी हवा यांत त्या चालत्या ठेवणं हे कायमचं काम आहे. त्यांचा पूर्वज पॅरिसमध्ये आहे. ज्याँ नूव्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेली 'अरब वर्ल्ड इन्स्टिट्यूट' १९८७ मध्ये उघडली. तिच्या दक्षिणेकडच्या भिंतीवर २४० चौकटी आहेत आणि प्रत्येकीत धातूच्या पाकळ्या, कॅमेऱ्याच्या भिंगापाशी असतात तशा. ऊन वाढलं की त्या मिटायच्या, कमी झालं की उघडायच्या. कल्पना जुन्या अरब घरांतल्या लाकडी जाळीवरून घेतलेली. १९८९ मध्ये तिला आगा खान पुरस्कार मिळाला.

पण हजारो छोट्या पाकळ्या म्हणजे अडकायच्या हजारो जागा. वर्षानुवर्षं यातल्या बऱ्याच चौकटी हलतच नव्हत्या. २०१७ मध्ये, इमारत तीस वर्षांची झाल्यावर, त्या दुरुस्त करून पुन्हा चालू करण्यात आल्या. ज्या लाकडी जाळ्यांवरून ही कल्पना सुचली, त्यातल्या काही कैरोच्या जुन्या घरांमध्ये शेकडो वर्षांपासून उभ्या आहेत. त्यांची छोटी झडप उन्ह आलं की घरातलं कोणीतरी हाताने लावून घ्यायचं.